तिला काय कळतं

पापा,

माझ्या मुलीला ओस्ती द्यायला फादरांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी तुमचं नाव घेतलं. म्हणून हे पत्र. नाहीतर तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी तुम्हाला दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि लिहायचं काही राहून गेलंय असं मला वाटलंही नाही. आताचे फादर तरुण आहेत. आपल्या गावात येऊन त्यांना पुरती दोन वर्षंही झालेली नाहीत. हळू बोलतात, समोरच्याला आधी बसायला सांगतात. मला त्यांनी खुर्ची दिली, पंखा वाढवला, आणि टेबलाच्या खणातून दोऱ्याने शिवलेली एक जुनी वही काढली. ती मी लांबूनच ओळखली. तुमचे एकवीस प्रश्न. देव कोण आहे, त्याने आपल्याला कशासाठी निर्माण केलं, मिस्सेच्या प्रार्थनेत देतात त्या ओस्तीत, त्या पातळ गोल भाकरीत कोण असतो. एकवीसच्या एकवीस उत्तरं न अडखळता देईल त्याच मुलाला पहिलं कम्युनियन. "टीचर, ही शिस्त मी घातलेली नाही," फादर म्हणाले. "तुमच्याच वडिलांनी घातलीय. मास्तरांच्या घरातूनच ती मोडली तर बाकीच्या पालकांना मी काय सांगू?"

माझी मुलगी तुम्हाला माहीत नाही, ती तुमच्यानंतर आली. अकरा वर्षांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. म्हणजे जन्मापासूनच तिची वाढ सावकाश, डोळे जरा तिरके, जीभ जड. बोलते थोडं आणि तेही तिच्या सवडीने. धुतलेले कपडे दोरीवरून काढून घड्या घालायला तिला फार आवडतं, बाहीला बाही जुळेपर्यंत ती सोडत नाही. मिस्सेत सगळ्यांचं गाणं संपलं की त्यानंतर शेवटची ओळ ती एकटी म्हणते, मोठ्याने. तुमच्या एकविसांतला एक प्रश्नही तिला नीट ऐकून घेता येणार नाही, कारण तुमचे प्रश्न लांब आहेत. पहिल्या अर्ध्या वाक्यातच ती विचारणाऱ्याच्या शर्टाचं बटण बघायला लागते.

हे वाचून तुम्हाला कोणाची आठवण येते ते मला विचारायची गरज नाही. आते तुमची मोठी बहीण. तिला काय झालं होतं त्याला तेव्हा कोणी नाव दिलं नव्हतं, गावात तिला 'भोळी' म्हणत. तुमचे आईवडील गेल्यावर तुम्ही तिला स्वतःजवळ ठेवलंत, कुठे पाठवलं नाहीत, हे मी नाकारत नाही. दर शनिवारी पडवीत बसून तुम्ही तिची नखं कापायचात, तिच्या बोटांत मासळीचा काटा रुतला असेल तर चष्मा वर करून तो काढायचात. आमच्या स्वयंपाकघरात ती सकाळपासून विळीवर बसलेली असायची. बांगडे साफ करायची, नारळ खवायची, आणि पेडवे आणि तारली, दिसायला सारखी मासळी, मिसळून आली असतील तर न चुकता वेगळी करायची. दहापर्यंत मोजता यायचं नाही तिला, पण भरती कधी लागणार ते तिला माझ्याआधी कळायचं. आयतवारी ती आमच्याबरोबर चर्चला यायची, आणि तुम्ही पुढे जाऊन पेटी वाजवायला बसायचात, आई आणि मी बाकावर, आणि आते मोठ्या दरवाजाबाहेरच्या पायरीवर. तिची जागा तीच, ती तुम्ही ठरवलेली. मिस्सा संपवून आम्ही माडांमधल्या वाळूच्या वाटेने घरी यायचो तेव्हा ती तुमच्या शर्टाची बाही ओढून विचारायची, "माका?" आणि तुम्ही चालता चालताच म्हणायचात, "तुका नाय गो." दर आयतवारी. इतक्या वर्षांत तिने विचारायचं सोडलं नाही आणि तुम्ही तुमचं उत्तर बदललं नाहीत.

आता मला जे तुम्हाला तोंडावर कधी सांगता आलं नाही ते सांगते. तुम्ही शाळेत असं वागत नव्हता. मी तुमच्याच वर्गात होते, मी पाहिलंय. खारव्यांचा एक मुलगा होता, त्याला बेरीज येईना. तुम्ही त्याच्यासाठी तिसऱ्यांचे शिंपले धुऊन वाळवून आणलेत, त्याला रोज सुट्टीनंतर थांबवलंत, आणि दोन वर्षांनी तो फळ्यावर हिशेब करायला लागला. दुसरे गुरुजी हसले तर तुम्ही त्यांना म्हणालात, "पोराक कळणा नाय म्हणजे मास्तराक सांगूक येणा नाय." माझ्या मास्तरकीचं शिक्षण मला पुढे कॉलेजात मिळालं ते कागदापुरतं. खरं शिक्षण ते एवढंच, आणि वालावलच्या बाजूला माझी पहिली नेमणूक झाली तेव्हापासून आजपर्यंत मी ते जपलंय. मग ज्या माणसाने परक्याच्या मुलासाठी दोन वर्षं शिंपले मांडले, त्याला आपल्या सख्ख्या बहिणीशेजारी एक संध्याकाळ बसून 'ही भाकर वेगळी' एवढं सांगता आलं नाही? की सांगायचंच नव्हतं? धर्मशिक्षणाचा वर्ग, आपल्या बोलीत दोतोर्न, आपल्याच पडवीत भरायचा. ती आत विळीवर, तुम्ही बाहेर. मधे एक कुडाची भिंत. एकवीस प्रश्नांची एकवीस उत्तरं तिने माझ्या जन्माआधीपासून ऐकली असतील.

माझं पहिलं कम्युनियन झालं तेव्हा मी आठ वर्षांची होते. आईने शिवलेला पांढरा फ्रॉक काखेत काचत होता. ओस्ती जिभेवर ठेवली गेली, मी हात जोडून बाकावर आले, गुडघे टेकले, आणि रुमालात तोंड लपवून अर्धी बाहेर काढली. आधीपासून ठरवून. सगळे उभे राहून गात होते तेव्हा मी मागे गेले, पायरीवर आतेशेजारी बसले आणि तिच्या तळहातावर ती ठेवली. ओली झाली होती, दुमडली होती. आतेने ती लगेच खाल्ली नाही. तिने ती बराच वेळ पाहिली. मग तोंडात टाकली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली, जशी ती एरवी कधीच बसत नसे, कारण तिचे हात सदा काहीतरी चाळवत असायचे.

कोणीतरी ते पाहिलं आणि आपण घरी पोचायच्या आत तुम्हाला कळलं. स्वयंपाकघरात मटणाचा रस्सा उकळत होता, पाव्हणे यायचे होते. आई चुलीपाशी. आते विळीवर नारळ घेऊन बसलेली.

"काय केलंस गो तू?" तुम्ही विचारलंत.

"आतेक दिलंय."

"कोणी सांगल्यान तुका?"

"कोणी नाय. ती दर आयतवारी मागता."

"मागता तां खाणां म्हणान मागता. तिका काय कळता?"

"माका तरी खंय कळला?"

तेव्हा तुम्ही मला मारलंत. आयुष्यात एकदाच. मला मारल्याचा राग आला नव्हता, पापा, आजही नाही. राग येतो तो याचा, की मी खरं बोलले होते. मला काही कळलं नव्हतं. एकवीस उत्तरं मला पाढ्यासारखी पाठ होती, त्यांतलं एकही मला कळलं नव्हतं, आणि हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही ते ऐकायला तयार नव्हता. आते विळीवरून उठली, खोबऱ्याने माखलेला हात माझ्या गालावर ठेवून उभी राहिली आणि तुमच्याकडे बघत राहिली. तुम्ही बाहेर निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मला त्या वेळच्या फादरांसमोर उभं करून माफी मागायला लावलीत, आणि शिक्षा दिलीत की तीन महिने मी कम्युनियन घ्यायचं नाही, पायरीवर आतेबरोबर बसायचं. माफी मी मागितली. ती खोटी होती. ती मी आज परत घेते.

आई मी नववीत असताना गेली. त्यानंतर तीन वर्षांनी आते. मी मालवणला बारावीच्या परीक्षेसाठी मैत्रिणीच्या घरी राहत होते, येईपर्यंत तिला पेटीत ठेवलं होतं. तुम्ही सगळा विधी नीट केलात. एका नातेवाइकाने विचारलं, हिला शेवटचे संस्कार मिळाले काय, तर तुम्ही म्हणालात, "ती निष्पाप होती. तिका कसली गरज?" लोकांना ते उत्तर आवडलं. मला आवडलं नाही. जेवणाच्या पंगतीत एखाद्याला आपण वाढत नाही आणि म्हणतो, याला भूकच नसते, तसं ते वाटलं.

मी सदतिसाव्या वर्षी गरोदर राहिले. लग्न उशिरा, त्यातही आधीची पाच वर्षं काही नाही. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तपासणी केली, तिचा निकाल पाहून पुढच्या तपासणीला गोव्याला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. बाळाला हे आहे. हृदयाला छिद्र असू शकेल. ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, कायद्यात वेळ आहे. ते वाईट बोलले नाहीत, घाई केली नाही. माझा नवरा शिडाच्या दोरीसारखा ताणलेला. येताना गाडीत तो म्हणाला, "तू म्हणशील तां." गावात ही गोष्ट फुटायला आठ दिवस लागले. मग बायका आल्या. चर्चमधल्या, जपमाळ घेऊन, चारचारजणी. आपल्या पडवीत बसून त्यांनी माझ्यासाठी तेर्स म्हटला. "जीव देवाचो आसा, बाय. काडूक नको." त्या वेळचे फादर होते त्यांनी दोन आयतवार त्यावरच प्रवचन केलं, माझं नाव न घेता, माझ्याकडे बघत. मी मूल ठेवलं. त्यांच्या सांगण्यावरून नाही. पण त्यांनी तसं समजून घेतलं, आणि मी समजू दिलं.

मुलगी झाली. हृदयाचं छिद्र दीड वर्षात आपोआप बुजलं. आणि ज्या चारजणी तेर्स म्हणायला आल्या होत्या त्यांतली एकही तिला मांडीवर घ्यायला आली नाही. बाप्तिस्म्याला आल्या, केक खाल्ला, पाळण्यात डोकावून "देवाची इच्छा" म्हणाल्या. मुलगी चालायला लागली, तर आपली मुलं तिच्याशी खेळायला पाठवली नाहीत. ती मिस्सेत मागाहून गायला लागली, तर माना वळायला लागल्या. आणि एका आयतवारी त्यांतलीच एक माझ्या कानाशी येऊन अगदी मायेने म्हणाली, "तिका भायर पायरीवर घेवन बस, थंय वारो बरो लागता." पापा, तेव्हा माझ्या आत काहीतरी कायमचं बसलं. जीव देवाचा आहे म्हणणाऱ्यांचं काम जीव जन्माला आल्यावर सुरू होतं. जन्म देईपर्यंत आईला धरून बसायचं आणि मग तिच्या मुलाला बाकावर जागा द्यायची नाही, याला मी धर्म म्हणणार नाही, मग तो कुठल्याही वेदीवरून सांगितलेला असो.

आणि दुसरीही एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला अजिबात पटणार नाही. माझ्या शाळेतली एक बाई, माझ्याहून लहान, पुढे दोनतीन वर्षांनी अशाच तपासणीतून गेली. तिने मूल ठेवलं नाही. ती माझ्याकडे आली, स्टाफरूममध्ये दार लोटून रडली, आणि म्हणाली, "मी तुमच्यासारखी नाही." मी तिला पाप म्हटलं नाही, म्हणणार नाही. पंधरा दिवस मी तिच्या घरी डबा नेला. आपल्या बायकांनी मला विचारलं, तू असून अशा बाईच्या घरी जातेस? मी म्हटलं, मी असूनच जाते. एकटीने काय वजन उचलावं लागतं ते मला ठाऊक आहे, तुम्हाला नाही.

तर फादरांची ती खोली. त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "ती निष्पाप आहे, टीचर. तिला न मिळाल्याने तिचं काही अडत नाही." अगदी तुमचंच वाक्य, तीस वर्षांनी, दुसऱ्या तोंडातून. मला वाटलं होतं मी रडेन. उलट मी शांत झाले.

"फादर, पहिल्या बाकावर बसणारे ते नौकामालक," मी म्हटलं. "गेल्या सीझनला त्यांनी तापात असलेल्या खलाशाला समुद्रावर पाठवलं. तो परत आला तो उचलून आणावा लागला. पुढच्याच आयतवारी ते ओस्ती घ्यायला आले. त्यांना तुम्ही विचारलंत, या भाकरीचा अर्थ काय?"

"तो त्यांच्या विवेकाचा प्रश्न आहे."

"त्यांचा विवेक त्यांच्याकडे, आणि माझ्या मुलीचा तुमच्या वहीत?"

त्यांनी वही खणात परत ठेवली. मग म्हणाले, "मला विचार करायला वेळ द्या."

"घ्या. तोपर्यंत मीही कम्युनियन घेणार नाही. आणि मी इथे मुलांना दोतोर्न शिकवते, तेही थांबवते. तिच्यासाठी पायरीच असेल तर मी पायरीवर बसेन."

नवऱ्याला हे आवडलं नाही. आमची घरगुती खानावळ आहे, पर्यटक येतात, गावाशी संबंध राखावे लागतात. "तू गावाशी भांडान काय मिळवतलंस?" तो म्हणाला. तो आत बाकावर बसला, मी आणि मुलगी बाहेर. असे सहा आयतवार गेले. पायरीवर बसलं की काय दिसतं ते मला आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. आत काय चाललंय ते ऐकू येतं, दिसत नाही. फक्त पाठी दिसतात. आणि माणसं ओस्ती घेऊन परततात तेव्हा त्यांच्या नजरा खाली असतात, ती भक्ती असते की पायरीकडे बघायचं नसतं, ते सांगता येत नाही. सातव्या आयतवारी शेजारची म्हातारी काठी टेकत बाहेर आली आणि आमच्या शेजारी बसली. आपल्या कुंपणापलीकडची, मासळी विकायची ती. पंच्याऐंशी तरी असेल. मी म्हटलं, आत बसा, इथे दगड गार आहे. तिने काठी मांडीवर आडवी ठेवली.

"बाय," मग ती म्हणाली, "तेव्हा तुझ्या बापाशीक मीच सांगललंय. तू रुमाल सोडलंस तां मी बगलंय."

चाळीस वर्षं मी त्या माणसाला शोधत नव्हते, पण सापडल्यावर कळलं की विसरलेही नव्हते.

"आणि आणखी एक सांगूचा आसा," ती म्हणाली. "तुझी आते जायत होती तेव्हा मी तिच्याकडे बसललंय. तू मालवणाक होतंस. तुझो बापूस माका म्हणालो, झिलाक होडी घेवन धाड, फादराक हाड. फादर इलो. तुझो बापूसच त्येका म्हणालो, हिका ओस्ती दी. फादर म्हणालो, आता कशी देव? तिका पाणी सुदीक गिळूक येय नव्हता. ओठार लावल्यान आणि परत घेतल्यान. तुझो बापूस भिंतीकडे तोंड करून उभो रवलो. मगे माका म्हणालो, ह्यां कोणाक सांगा नको."

पापा, हे कळल्यावर मी विरघळेन असं कोणालाही वाटेल. मी विरघळले नाही. मला आणखी राग आला. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तिला शेवटी तुम्ही द्यायला निघालात, उशीर झाला तेव्हा, घशाखाली काही उतरत नव्हतं तेव्हा. आणि मग चार दिवसांनी लोकांना म्हणालात, तिला कसली गरज. आणि त्यानंतर आणखी पंधरासोळा वर्षं पडवीत बसून तेच एकवीस प्रश्न विचारत राहिलात. नियम तुम्ही वहीत लिहून ठेवलात, धड अक्षरात, दोऱ्याने शिवून. तुमची शंका मात्र कोणाला दिली नाहीत, ती भिंतीकडे तोंड करून गिळलीत. तुम्ही ती एकदा बोलला असता, वहीच्या शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली असतीत, की मी माझ्या बहिणीच्या बाबतीत चुकलो, तर त्या ओळीवर माझी मुलगी आत जाऊन बसली असती. चूक कबूल करायची ती देवाकडे, चर्चमधल्या कबुलीच्या खिडकीच्या जाळीआडून, असं तुम्ही आम्हाला शिकवलंत. ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे करायची, हे नाही शिकवलंत. मी माझ्या वर्गात ते शिकवते.

म्हातारी माझ्यापाशी बोलून थांबली नाही. ती त्याच दिवशी फादरांकडे गेली आणि त्यांना सगळं सांगितलं. मला हे नंतर कळलं. पुढच्या आयतवारी मिस्सेआधी फादर पांढरा झगा घालूनच बाहेर आले आणि पायरीवर, मुलीच्या पलीकडे, बसले. त्यांच्या हातात बिस्किटांचा पुडा होता आणि एक ओस्ती, अजून आशीर्वाद न दिलेली. त्यांनी तिला बिस्किट दाखवलं.

"हे काय आहे?"

"बिस्किट," ती म्हणाली. "माझा."

"आणि हे?"

तिने हात पुढे केला नाही. फादरांनी नकार द्यायच्या आधीपासून, आठ महिने, मी तिच्याशेजारी बसून रोज भाकरी मोडत होते, एक आपली, एक येशूची, तुमच्या शिंपल्यांसारखंच, आणि एकदाही तिने मला नीट उत्तर दिलं नव्हतं. "येशूचा जेवाण," ती म्हणाली, आणि बिस्किट फोडून अर्धं फादरांना दिलं, कारण तिला कोणी शेजारी बसलं की द्यायची सवय आहे. फादरांनी ते खाल्लं. मग म्हणाले, "टीचर, चर्चच्या नियमातही एवढंच लागतं. जेवण आणि हे जेवण, यातला फरक. बाकीचं मास्तरांनी घातलं होतं." मी आभार मानले नाहीत. मी म्हटलं, "हे तुम्ही मला त्या दिवशी खोलीतच सांगू शकला असता." ते म्हणाले, "हो." एवढंच. त्याबद्दल मात्र मी त्यांना मान देते. तुम्ही मला असं 'हो' कधी म्हणाला नाहीत.

गेल्या आयतवारी तिचं पहिलं कम्युनियन झालं. इतर मुलं आठनऊ वर्षांची, ती त्यांच्यापेक्षा डोकंभर उंच. पांढरा फ्रॉक नको म्हणाली, निळा घातला. नवऱ्याने तिचा एक हात धरला, मी एक. त्या चारजणींतल्या दोघी मिस्सा संपल्यावर बाहेर पडताना तिच्या डोक्यावरून हात फिरवायला आल्या. मी एक पाऊल मधे येऊन उभी राहिले. तो मोठेपणा नव्हता, पण मला त्याचं वाईटही वाटत नाही. माफ करायला माझी हरकत नाही. आधी त्यांनी माफी मागावी.

हे पत्र मी तुमच्या थडग्यावर ठेवणार नाही. कागद वाऱ्याने उडतो आणि मग ज्याने वाचू नये तो वाचतो. फाडणारही नाही. कपाटात शाळेचे जुने हजेरीपट आहेत, त्यांत ते राहील. तुम्हाला पोचेल असं मला वाटत नाही, आणि पोचावं असंही मला आज तरी वाटत नाही.

फक्त एक गोष्ट सांगायची राहिलीय, ती नवऱ्यालाही सांगितलेली नाही. फादरांनी ओस्ती तिच्या हातावर ठेवली, तिने ती तोंडात घातली, तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हते. मी मान वळवून बाकांकडे बघत होते, कोण कोण बघतंय ते. नौकामालक, त्या चारजणी, सगळे. मी जिंकले, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती क्षणभर हसली, असं घरी येताना नवरा म्हणाला. मी नुसतं "हो" म्हटलं.